घसा, कान, उन्हाळी आणि नागीण: इंग्लंडमधल्या ‘फार्मसी फर्स्ट’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी घरांतून मला नेहमी एकाच प्रकारचे फोन येतात. “ताई, घसा धरलाय, जीपीकडे नंबर लागत नाही, अझिथ्रो कुठे मिळेल?” (जीपी म्हणजे इथले नेहमीचे फॅमिली डॉक्टर, आणि अझिथ्रो म्हणजे अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक.) मी इथे एका फार्मसीत फार्मासिस्ट आहे. त्याआधी सांगली जिल्ह्यातल्या एका मेडिकलमध्ये चार वर्षे काउंटरला उभी होते. दोन्हीकडची सवय अंगात असल्यामुळे नेमका घोळ कुठे होतो ते दिसते, म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे लिहून काढली आहेत. ही माहिती इंग्लंडपुरती आहे. वेल्स आणि स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, तिचा उल्लेख जिथे लागेल तिथे केला आहे.

फार्मसी फर्स्ट म्हणजे नेमके काय?

३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमधल्या फार्मासिस्टना सात साध्या आजारांत रुग्णाला तपासून, गरज असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध देण्याची मुभा मिळाली. त्यात काही अँटिबायोटिक आणि नागिणीवरचे अँटिव्हायरल औषधही येते. इथल्या दहा हजारांहून अधिक फार्मसी यात आहेत, म्हणजे जवळपास सगळ्याच. आधी वेळ घ्यावी लागत नाही. दुकानात जायचे आणि फार्मासिस्टशी बोलायचे आहे असे सांगायचे. बोलणे काउंटरवर सगळ्यांसमोर होत नाही, त्यासाठी दार बंद होणारी छोटी खोली असते.

फार्मासिस्ट हे औषध स्वतःच्या मर्जीने देत नाही. प्रत्येक आजारासाठी एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, लेखी निर्देश आखून दिले आहेत: कोणाला द्यायचे, कोणाला द्यायचे नाही, किती दिवस, आणि कोणत्या लक्षणाला रुग्णाला पुढे पाठवायचे. त्या चौकटीबाहेर पाऊल टाकता येत नाही. “एवढ्या वेळेला द्या ना” असा आग्रह धरलात तर ते आमच्या हातातच नसते.

कोणते सात आजार? वयाची अट आहे का?

आहे, आणि सगळ्यात जास्त लोक तिथेच अडतात. घसादुखी: ५ वर्षांपासून पुढे. सायनस: १२ वर्षांपासून. कानाच्या आतला संसर्ग: १ ते १७ वर्षे. कीटक चावून चिघळलेली जखम आणि इंपेटिगो, म्हणजे मधासारखी पिवळी खपली धरणारा त्वचेचा संसर्ग: १ वर्षापासून. नागीण: १८ वर्षांपासून. लघवीचा साधा संसर्ग: फक्त स्त्रिया, १६ ते ६४ वर्षे.

तुमचे वय किंवा आजार यात बसत नसेल तरी फार्मासिस्टशी बोलायला हरकत नाही. सर्दी, ताप, जुलाब, अंगावर उठलेले पुरळ, कशाबद्दलही विचारा. साधा सल्ला, चिठ्ठीशिवाय मिळणारे औषध किंवा “हे जीपीला दाखवाच” एवढे तरी नक्की कळेल.

पैसे किती लागतात? आम्ही तर व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार भरला आहे.

तपासणीचे काही नाही. औषध दिले तर नेहमीचे प्रिस्क्रिप्शन शुल्क लागते. मे २०२४ पासून ते एका औषधामागे ९.९० पौंड आहे. वर्षाला १,०३५ पौंड किंवा विद्यार्थी म्हणून ७७६ पौंड अधिभार भरला असला तरी हे शुल्क सुटत नाही. नव्या मुलांना याचा राग येतो आणि तो मला समजतो, पण इथे जन्मलेला नोकरदार माणूसही तेवढेच भरतो.

१६ वर्षांखालची मुले, १६ ते १८ वयाचे पूर्णवेळ शिकणारे, ६० वर्षांवरचे लोक, प्रमाणपत्र घेतलेल्या गरोदर बायका आणि बाळंतपणानंतर वर्षभर त्या आया, यांना माफ आहे. उत्पन्न कमी असेल तर विद्यार्थ्यांनाही अर्ज करून सवलत मिळू शकते. तो अर्ज भराच, फार थोडी मुले भरतात. वेल्समध्ये २००७ पासून आणि स्कॉटलंडमध्ये २०११ पासून हे शुल्कच नाही.

घसा दुखतोय. अँटिबायोटिक मिळेल का?

बहुतेक वेळा नाही. का नाही ते मात्र समजून घ्या, कारण माझ्या खोलीत सगळ्यात जास्त वाद याच गोष्टीवरून होतात.

फार्मासिस्ट पाच गोष्टी पाहतो. गेल्या चोवीस तासांत ताप होता का? टॉन्सिलवर पू दिसतो का? त्रास सुरू होऊन तीन दिवसांच्या आत तुम्ही आलात का? टॉन्सिल खूप लाल आणि सुजलेले आहेत का? आणि खोकला-सर्दी *नाही* ना? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. शून्य किंवा एक गुण आला, तर घशात स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू सापडण्याची शक्यता १३ ते १८ टक्के असते. चार-पाच गुणांना ती ६२ ते ६५ टक्क्यांवर जाते. म्हणून चार-पाच गुण आणि त्रासही जोराचा असेल तेव्हाच पाच दिवसांच्या पेनिसिलिनचा विचार होतो. दोन-तीन गुण असतील तर वेदनाशामक घ्या, आणि तीन ते पाच दिवसांत उतार नाही पडला तर परत या, असे सांगितले जाते.

त्या पाचव्या प्रश्नाने लोक गोंधळतात. आपल्याला वाटते की खोकला आणि सर्दीही आहे म्हणजे दुखणे जास्त. इथे हिशोब उलटा आहे. नाक गळतेय आणि खोकला येतोय याचा अर्थ बहुधा विषाणू आहे, आणि त्याच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही.

साधी घसादुखी आठवडाभरात आपली आपण जाते. अँटिबायोटिकने हा काळ सरासरी सोळा तासांनी कमी होतो. सोळा तास! त्याच्या बदल्यात जुलाब, अंगावर पुरळ, आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू न पडण्याचा धोका. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पॅरासिटामॉल आणि दोन दिवस आराम यांवर मी स्वतःच्या मुलाचा घसा काढते.

घशातला नमुना घेऊन तिथल्या तिथे तपासणी का करत नाहीत?

इंग्लंडच्या पद्धतीत ती नाही. वेल्समध्ये आहे. तिथे २०१८ मध्ये दोन आरोग्य मंडळांच्या भागात सुरुवात झाली आणि मग ती सेवा देशभर नेली. फार्मासिस्ट आधी गुण मोजतो, गरज वाटली तर घशाच्या मागून कापसाच्या काडीने नमुना घेतो, आणि काही मिनिटांत स्ट्रेप्टोकोकस आहे की नाही ते कळते. माझे मत विचाराल तर मला ही पद्धत आवडते. चाचणीवर ‘नाही’ची रेघ डोळ्यांनी दिसली की औषध न घेता जाणारा माणूसही समाधानाने जातो.

गावाकडे डॉक्टर पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक द्यायचे. ते चुकत होते का?

सरसकट असे म्हणता येणार नाही. स्ट्रेप्टोकोकसच्या घशानंतर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. इंग्लंडमध्ये हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला आहे, भारतात तो अजून आहे. त्यामुळे तिथला एखादा डॉक्टर लहान मुलाच्या लाल घशाकडे वेगळ्या नजरेने पाहतो, आणि त्यामागे कारण असते.

यातून तुमच्यासाठी एक महत्त्वाची सूचना निघते. तुम्हाला किंवा मुलाला लहानपणी सांधे सुजून बरेच दिवस ताप आला असेल, ‘दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन’ सुरू होते असे आई सांगत असेल, किंवा झडपेचा त्रास असेल, तर ते खोलीत शिरल्याबरोबर सांगा. इथल्या तरुण फार्मासिस्टला हे विचारायचे सुचेलच असे नाही. त्याने असा रुग्ण कधी पाहिलेलाच नसतो.

नुसते तपासून ‘औषध नको’ म्हणाले. मग हेलपाटा फुकटच गेला की!

नाही. माझ्या सगळ्या लिहिण्याचा गाभा हाच आहे. ‘औषध नको’ हा निर्णयसुद्धा तपासणीतूनच येतो. कोणीतरी तुमचा घसा उजेडात पाहिला, नाडी मोजली, धोक्याच्या खुणा नाहीत याची खात्री केली, आणि कोणत्या दिवशी काय झाले तर परत यायचे ते सांगितले. सांगलीला काउंटरवर मी हे करत नव्हते. गिऱ्हाईक म्हणायचे, “पाच नकोत, दोनच द्या,” आणि मी पट्टी कापून अझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या कागदी पुडीत घालून द्यायची. मालकांचीही तीच शिकवण होती. घसा बघितला नाही, ताप विचारला नाही. त्या पुड्यांचे मला आजही वाईट वाटते.

आणखी एक शंका येते: फार्मसीला औषध खपवण्यात फायदा असणारच ना? या सेवेत एनएचएस फार्मसीला तपासणीचे पैसे देते. सुरुवातीला ते एका रुग्णामागे १५ पौंड होते. अँटिबायोटिक दिले काय आणि न दिले काय, त्या रकमेत फरक पडत नाही.

लघवीला जळजळ होते. हे पुरुष फार्मासिस्टला कसे सांगायचे?

आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी आणि सब्जा पिऊन बायका चार-चार दिवस काढतात. लाज हे त्याचे मोठे कारण असते. इथे तुम्ही स्त्री फार्मासिस्ट आहे का असे विचारू शकता. नसेल तरी घाबरू नका, कारण यात अंगाला हात लावून तपासणी होतच नाही. सगळे प्रश्नांवर चालते.

मुख्य प्रश्न तीन. लघवी करताना आग होते का? रात्री लघवीला उठावे लागते, आणि हे नव्यानेच सुरू झाले आहे का? लघवी गढूळ दिसते का? तीनपैकी दोन गोष्टी असतील तर संसर्गाची शक्यता भक्कम धरतात आणि साधारणपणे नायट्रोफ्युरँटॉइन हे औषध देतात: सकाळ-संध्याकाळ १०० मिलिग्रॅमची एकेक कॅप्सूल, तीन दिवस, जेवणाबरोबर. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, दचकू नका. अंगावरून पांढरे जात असेल किंवा खाज असेल, तर तेही सांगा, कारण मग आगीचे कारण बहुतेक वेगळे असते.

आपल्या लोकांसाठी दोन खास गोष्टी. पहिली: बॅगेत घालून आणलेले अल्कासोलसारखे सायट्रेटचे सिरप या कॅप्सूलबरोबर घेऊ नका. त्याने लघवीचे आम्ल कमी होते आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर उतरतो. तुम्ही सांगितले नाहीत तर इथल्या फार्मासिस्टला ते कळणार नाही. दुसरी: घरात कोणाला जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर आधी सांगा. पारशी समाजात आणि महाराष्ट्रातल्या काही आदिवासी समाजांत ती जास्त आढळते. अशा माणसाला या औषधाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणे, उलट्या: हे मूत्रपिंडापर्यंत पोचल्याचे लक्षण असू शकते. फार्मसीत वेळ घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गरोदर असाल तर हे फार्मसी फर्स्टमध्ये बसत नाही, जीपी किंवा मिडवाइफला कळवा. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा किंवा वर्षात तिसऱ्यांदा त्रास झाला असेल तरी जीपीकडे, कारण मग मूळ शोधावे लागते.

आई सहा महिन्यांसाठी आली आहे. ती ६८ वर्षांची आहे. तिला हाच त्रास झाला तर?

६५ नंतर ही लक्षणे फसवी असतात. रात्री लघवीला उठणे त्या वयात एरवीही असते. म्हणून आईंना फार्मसीतून हे औषध मिळणार नाही, जीपीनेच पाहायचे. इंग्लंडमध्ये जीपीकडे दाखवायला परदेशी पाहुण्यांनाही पैसे लागत नाहीत, आणि तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी तात्पुरती नोंदणी होऊ शकते. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर मात्र पाहुण्यांना बिल येते, तेव्हा प्रवास विमा काढल्याशिवाय आई-वडिलांना बोलावू नका.

नोंदणीला पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणे सक्तीचे नाही. समोरचा कर्मचारी मागेल, तेव्हा शांतपणे हे सांगा. आईला इंग्रजी येत नसेल तर जीपीकडे दुभाष्याची सोय विनाशुल्क मागता येते. फार्मसीत मी बहुतेक वेळा मुलीला फोनवर घेते, पण लघवीचे किंवा अंगावरून जाण्याचे बोलणे आई जावयासमोर करत नाहीत, हे ध्यानात असू द्या.

मुलाचा कान ठणकतोय. लसणाचे तेल घातले तर चालेल?

नको. पडदा फाटला असेल तर ते तेल थेट आत उतरते, आणि पडदा फाटला आहे की नाही ते बाहेरून दिसत नाही. त्यासाठी फार्मासिस्ट ऑटोस्कोप, म्हणजे उजेड पाडणारे छोटे भिंग, कानात घालून पाहतो.

कानाचा हा संसर्ग बहुतेक मुलांमध्ये तीन दिवसांत आपोआप ओसरतो, कधी आठवडा लागतो. म्हणून पहिला उपाय वेदना कमी करण्याचा: पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, वजन-वयानुसार. पडदा शाबूत असेल तर सुन्न करणारे थेंबही दिले जातात. त्रास जोराचा असेल किंवा कानातून पू येत असेल तर अमॉक्सिसिलिनचा विचार होतो. सोळा वर्षांखालच्या मुलाला ॲस्पिरिन देऊ नका. कानामागचे हाड सुजून कान पुढे ढकलल्यासारखा दिसला तर तडक रुग्णालय. अठरा वर्षांवरच्यांचा कान यात येत नाही, त्यांनी जीपीकडे जावे.

नागीण उठली आहे. तोंड आणि शेपूट जुळले तर माणूस दगावतो, हे खरे का?

नाही. ही भीती मी माझ्या आजीकडून ऐकली आहे, आणि लंडनजवळच्या एका घरात ती तशीच्या तशी पुन्हा ऐकली. म्हणून थोडे सविस्तर सांगते.

नागीण म्हणजे लहानपणी झालेल्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीरातून जात नाही, मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. वय, दुसरे आजारपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे यांमुळे तो जागा होतो आणि त्याच एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून पुरळ पट्ट्यासारखे दिसते. प्रत्येक बाजूचा मज्जातंतू वेगळा असल्याने पुरळ साधारणपणे शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबते. तोंड-शेपूट जुळण्याचा प्रश्न येत नाही. त्यावर गेरू किंवा कुंकू लावल्याने विषाणूला काही होत नाही, फुटलेल्या फोडांत जंतू शिरायची वाट मात्र होते.

खरी घाई दुसऱ्या कारणासाठी करायची. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले तर त्याचा चांगला उपयोग होतो. पन्नाशीपुढच्यांना, किंवा पुरळ-वेदना जास्त असलेल्यांना फार्मासिस्ट सहसा ॲसिक्लोव्हिर देतो: ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. काहींना आठवड्याच्या आतही देता येते. एका कुटुंबाने वडिलांची नागीण पाच दिवस ‘उतरवून’ घेण्यात घालवली होती, कोणीतरी व्हिडिओ कॉलवर मंत्र घालत होते. माझ्याकडे आले तेव्हा पाठीवर शर्टसुद्धा सहन होत नव्हता. पुरळ गेल्यावर महिनोन्‌महिने राहणारी ती आग म्हाताऱ्या माणसाला झोपू देत नाही.

पुरळ कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर फार्मसीत थांबू नका. डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी रुग्णालयात डोळे तपासून घ्या.

नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण ज्याला कांजिण्या कधीच झाल्या नाहीत त्याला फोडांतल्या पाण्यापासून कांजिण्या होऊ शकतात. उष्ण हवामानाच्या देशांत त्या बऱ्याचदा उशिरा येतात, त्यामुळे एकाच घरात राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांत एखादा तरी असा निघतो. फोड झाकून ठेवा, टॉवेल वेगळा ठेवा, गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांपासून लांब राहा. ६५ वर्षे पूर्ण करणाऱ्यांना आणि ७० ते ७९ वयाच्यांना इंग्लंडमध्ये यावरची लस एनएचएस देते.

सायनस भरलंय, डोकं जड झालंय.

दहा दिवस झाले का, हा पहिला प्रश्न. त्याआधी औषधाचा विचारच होत नाही, कारण हे दुखणे दोन-तीन आठवडे चालते आणि जाते. दहा दिवसांनंतर बहुधा नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा १४ दिवसांसाठी दिला जातो. स्टेरॉइड म्हटल्यावर घाबरू नका, हे पोटात घ्यायच्या गोळ्यांसारखे नाही. वाफ घेताना मात्र उकळत्या पातेल्यावर मुलांना वाकवू नका, भाजलेली मुले मी पाहिली आहेत.

किडा चावला, आणि मुलाच्या तोंडाभोवती पिवळ्या खपल्या?

चावल्यावर दिवसभरात आलेली लाली आणि सूज ही बहुतेक वेळा संसर्ग नसते, शरीराची प्रतिक्रिया असते. त्याला अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीवरची गोळी, पुरते. लाली पसरत चालली, गरम लागली, पू आला, तर दाखवा. कडेला पेनने रेघ ओढून ठेवा, म्हणजे पसरते का ते कळेल. रानात फिरून आल्यावर गोलाकार वाढणारा लाल वेढा दिसला तर तो गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराचा असू शकतो, त्यासाठी जीपी.

इंपेटिगोचे दोन-तीनच डाग असतील तर आधी हायड्रोजन पेरॉक्साइडचे एक टक्का क्रीम देतात, अँटिबायोटिक नाही. खपल्या सुकेपर्यंत किंवा उपचार सुरू होऊन ४८ तास होईपर्यंत शाळेत पाठवू नका.

मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, लहानपणी गोळ्या ‘गरम पडल्या’ होत्या.

गरम पडणे म्हणजे नेमके काय झाले होते, ते आठवून सांगा. पोटात कालवले, तोंड आले, जुलाब झाले, ही ॲलर्जी नाही. अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास अडकला, ही ॲलर्जी, आणि ती कधीही लपवू नका. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असे समजणाऱ्यांपैकी बहुतेकांना तपासल्यावर ती नसतेच. पण एकदा नोंदीत ‘ॲलर्जी’ लिहिले गेले की आयुष्यभर दुसऱ्या फळीतली औषधे घ्यावी लागतात.

भारतातून आणलेली अँटिबायोटिकची पट्टी घरात आहे. आधी ती घेऊन बघू का?

नका घेऊ. तिच्यावरची लाल उभी रेघ हेच सांगते: डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नाही. अर्धवट घेऊन मग आमच्याकडे आलात तर ताप दबलेला असतो, पू कमी दिसतो, गुण चुकतात. आधीच घेतली असेल तर लपवू नका. पट्टी दाखवा, कोणी रागावणार नाही.

फार्मासिस्टला हे सगळे येते तरी का? तो काही डॉक्टर नाही.

डॉक्टर नाही, बरोबर. इथे चार वर्षांची एमफार्म, मग वर्षभराचे प्रशिक्षण, मग नोंदणीची परीक्षा. भारतातली बीफार्म घेऊन आलेल्यांना वर्षभराचा वेगळा अभ्यासक्रम करून मग ५२ आठवड्यांचे प्रशिक्षण आणि तीच परीक्षा द्यावी लागते. मीही याच वाटेने आले. २०२६ पासून इथे नव्याने नोंदणी होणारे फार्मासिस्ट स्वतः प्रिस्क्रिप्शन लिहिण्याची पात्रता घेऊनच बाहेर पडतात. तपासणीची नोंद तुमच्या जीपीकडे जाते, त्यामुळे पुढे गेलात तरी पाटी कोरी नसते.

महाराष्ट्रात मेडिकलमध्ये हे का सुरू होत नाही?

कायद्याने तिथे फार्मासिस्टला औषध लिहून देता येत नाही. १९४५ च्या औषध नियमांतल्या शेड्यूल एचमधली औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असतात. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू झाले. त्यातली औषधे, म्हणजे काही जोरदार अँटिबायोटिक आणि क्षयरोगाची औषधे, विकली की रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे ठेवायची.

नियम चांगले आहेत. पण प्रमाणपत्र एकाचे भिंतीवर आणि काउंटरला दहावी झालेला मुलगा, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्याकडे लोक तसेही पहिल्यांदा मेडिकलमध्येच विचारतात. मग तिथे शिकलेला फार्मासिस्ट खरोखर उभा असावा, त्याला बोलायला वेळ आणि बसायला आडोसा मिळावा, ‘नाही’ म्हटल्यावर मालकाने ऐकून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. हे झाल्याशिवाय तपासणी आणि उपचाराचे अधिकार देऊ नयेत. ते आधी दिले तर आज चोरून विकली जाणारी दोन गोळ्यांची पुडी उद्या उजळ माथ्याने विकली जाईल.

फार्मसी सोडून थेट कुठे जायचे?

श्वास घेता येत नाही, तोंड उघडत नाही आणि लाळ गळते, पेला दाबला तरी न जाणारे पुरळ आणि ताप, माणूस भ्रमिष्ट बोलतो, बाळ पेंगुळलेले आहे आणि उठत नाही: ९९९ या तातडीच्या नंबरवर फोन करा. तेवढे गंभीर नाही पण उद्यापर्यंत थांबवत नाही: एनएचएसचा सल्ल्याचा नंबर १११.

जाताना बरोबर काय न्यायचे?

चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, भारतातल्या आणि आयुर्वेदिक काढ्यांसकट. चेहऱ्याने ‘ती पांढरी बीपीची गोळी’ ओळखता येत नाही. रोज कोणत्या वेळी ताप किती होता ते कागदावर. पुरळ असेल तर पहिल्या दिवसाचा फोटो, कारण दोन दिवसांत ते बदलते. आणि शक्यतो सोमवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा गर्दी असते.

बरे वाटले, गोळ्या उरल्या. ठेवून देऊ?

सांगितलेले दिवस पूर्ण घ्या, म्हणजे उरायचा प्रश्न येत नाही. काही कारणाने औषध बदलले आणि जुने उरले, तर कचऱ्यात किंवा संडासात टाकू नका. कोणत्याही फार्मसीत नेऊन द्या, आम्ही ते नष्ट करायला पाठवतो. पैसे लागत नाहीत. भारतातून आणलेल्या त्या लाल रेघेच्या पट्ट्याही त्याच पिशवीत घालून आणा.